साडेतीन मुहूर्तांपैकी एक

९ मार्च १९९७, रविवार

ही डायरी सुताच्या एका दलालाने फुकट दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याचं नाव आणि फोन नंबर छापलाय, त्यामुळे माझं खासगी लिखाण त्याच्या देखरेखीखाली होणार. चालेल.

लिहायला कारणही तसंच आहे. शुक्रवारी कॉम्प्युटर क्लासमधली नोकरी सोडली. तीन वर्षं लोकांच्या पोरांना शिकवलं की आधी आराखडा काढा, मग प्रोग्राम लिहा. आणि स्वतः एकही आराखडा कामाला लावला नाही. आता लावणार. मगनशेठचं काम मिळालंय.

शेठचा कापडाचा धंदा सुरतेत आणि आसपास तीन ठिकाणी आहे. पर्वत पाटियाला गोडाउन, तिथे मागावरून उतरलेलं कोरं कापड येतं आणि रंगून आलेला जादा मालही राहतो. पलसाण्याला हायवेवर मिल, तिथे ते रंगतं आणि घडी होऊन बाहेर पडतं. रिंग रोडच्या मार्केटात दुकान, तिथे ते विकलं जातं. तिन्हीकडे एकेक कॉम्प्युटर आहे आणि तिघांचं एकमेकांशी जन्माचं वैर आहे. दुकान विचारतं, निळ्या जॉर्जेटचा लॉट कुठे. गोडाउन म्हणतं मिलमध्ये. मिल म्हणते दुकानात. मग शेठ फोनवर ओरडतात आणि लॉट सापडतो. थोडक्यात, सगळी माहितीव्यवस्था शेठच्या घशावर चाललीय.

मी तीन स्वतंत्र पण जोडलेली केंद्रं करून देणार. जमलं तर शेठच्या दोन साल्यांच्या, म्हणजे मेहुण्यांच्या, मिलचं कामही मलाच मिळेल. नाही जमलं तर क्लासच्या संचालकांनी निरोप देताना हसत सांगितलंच आहे, "खुर्ची मोकळीच ठेवतो." त्या हसण्याचा मला फार राग आला. त्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही, एवढं नक्की.

मनीषाला सांगितलं. लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच नवऱ्याने नोकरी सोडली म्हटल्यावर दुसरी एखादी घाबरली असती. ती म्हणाली, "मंग आता घरीच राहणार का?" मी म्हटलं, बराच वेळ घरीच. तिला आनंद झाला असावा. ती फारसं बोलत नाही, त्यामुळे अंदाज करावा लागतो.

१४ मार्च, शुक्रवार

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा पहिला नियम: गिऱ्हाइकाला काय हवंय ते त्याच्या तोंडून काढायचं, कागदावर उतरवायचं आणि त्याखाली सही घ्यायची. जे कागदावर नाही ते अस्तित्वातच नाही. क्लासमध्ये हे वाक्य मी फळ्यावर लिहायचो.

आज त्यासाठी पलसाण्याला गेलो. तिथल्या घडी खात्याचा मुकादम भगवान. तयार कापड मोजून, घडी घालून, लॉटच्या चिठ्ठ्या लावायचं काम त्याचं. कॉम्प्युटरवरच्या नोंदीही त्याचीच माणसं करतात. खात्यातला एकूण एक माणूस त्याने आपल्या अमळनेरकडून आणलेला. त्याने माझं आडनाव विचारलं, वडिलांचं गाव विचारलं, आणि ताबडतोब चहा आला. तो अहिराणीत बोलत होता आणि मी मराठीत. माझा जन्म सुरतेचा, शाळा गुजराती, कॉलेज बडोद्याला. अहिराणी मला समजते सगळी, पण बोलायला गेलो की आईसुद्धा हसते.

प्रश्नांची यादी काढली. रोज किती लॉट निघतात, चिठ्ठी कोण लिहितं, वीज किती वेळा जाते, असं सगळं तो नीट सांगत होता. शेवटचा प्रश्न होता सुट्ट्यांचा.

"आयतवार," तो म्हणाला. "बाकीनं तं तुमले माहीतच शे. तुम्ही तं आपलाच शेतस, तुमले काय सांगनं."

मी लिहिलं: सुट्टी – रविवार. मुलाखत झकास झाली. आपल्या भागातला माणूस असला की माहिती भराभर मिळते.

२२ मार्च, शनिवार

डिंडोलीच्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर खाकी कागद लावून त्यावर आराखडा काढलाय. तीन मोठे गोल, मध्ये बाण. आई येता-जाता त्याच्याकडे बघते. शेजारच्या बाईला ती सांगत होती की नितीन घराचा नकाशा काढतोय.

मूळ तत्त्व सोपं आहे. प्रत्येक केंद्राने आपलं काम आपल्यापुरतं पूर्ण करायचं. दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय यात नाक खुपसायचं नाही. ठरलेल्या निरोपापुरतंच बोलायचं: अमुक लॉट निघाला, अमुक पोचला. मग एका केंद्रात कितीही बदल झाले तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. दिवसातून दोनदा मोडेम फोन लावेल आणि साठलेले निरोप इकडून तिकडे जातील. फोन मेला असेल तर फ्लॉपी टेम्पोबरोबर जाईल, कारण टेम्पो कापड घेऊन जातोच.

घरातही मी हेच तत्त्व लावलंय. मी माझं काम बघतो, मनीषा तिचं. सकाळी काय भाजी आणायची आणि संध्याकाळी किती वाजता जेवायचं, एवढे निरोप पुरतात. तीन महिन्यांत एकदाही भांडण झालेलं नाही. माझ्या मित्रांच्या घरी काय काय ऐकायला मिळतं, ते पाहता मला याचा अभिमान वाटतो.

२ एप्रिल, बुधवार

मगनशेठनी आराखड्यावर सही केली. पान न पान उलटलं, वाचलं एकही नाही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.

"चालू क्यारे करीशुं, नितीनभाई?"

मी म्हटलं, मेचा दुसरा आठवडा. त्यांचं बोट नऊ तारखेवर थांबलं. "अखातरीज. एमां तो मुहूर्त जोवानुंज न होय."

मी म्हटलं, आमच्याकडेही तो साडेतीन मुहूर्तांपैकी एक. दोघांनाही एकदम पटलं. त्या दिवशी दोन्ही साल्यांना दुकानावर बोलवायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत यंत्रणा सुरू करायची, असं ठरलं. शेठ म्हणाले, घरी विचारायचं असेल तर विचारून घ्या. मी म्हटलं, "त्यात घरी काय विचारायचं? माझ्या कामाच्या तारखा मी ठरवतो." ते म्हणाले, "ना, तमे खानदेशना, एटले कह्युं..." एवढ्यात फोन वाजला आणि ते कुणावर तरी ओरडायला लागले.

संध्याकाळी मनीषाला तारीख सांगितली. ती पोळ्या करत होती. लाटणं थांबलं.

"नऊ मेलाच का?"

"अक्षय तृतीया आहे. याहून चांगला दिवस कोणता?"

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

तिला मुहूर्तांची इतकी माहिती असेल असं वाटलं नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

आज घरातच कोरडी चाचणी घेतली. पुस्तकात लिहिलंय की कॉम्प्युटरवर चढवण्याआधी यंत्रणा माणसांकडून चालवून बघावी. म्हणून मी झालो दुकान, आई झाली गोडाउन आणि मनीषा झाली पलसाणा. निरोपांच्या चिठ्ठ्या केल्या. आईने पहिल्याच फेरीत चिठ्ठ्या पदराला बांधून ठेवल्या आणि विचारलं तर "मन्हा लॉट शे, काब्र देऊ?" म्हणाली. गोडाउनवाल्यांची वृत्ती अगदी बरोबर पकडली तिने.

मनीषाने मात्र चकित केलं. दोन फेऱ्यांत तिला सगळं समजलं. मग तिने हातातली चिठ्ठी खाली ठेवली आणि विचारलं, "एखाद्या ठिकाणचं माणूसच चार दिवस नसलं तर?"

मी म्हटलं, असं होत नाही.

"आणि झालं तर? बाकीच्यांचं चालेल का?"

विचार केला, आणि लक्षात आलं की चालणार नाही. मी असं ठरवलं होतं की तिन्ही केंद्रांचे निरोप आल्याशिवाय दिवसाचा हिशोब बंदच करायचा नाही. एक गप्प बसलं तर संध्याकाळी तिघंही अडकणार. फोन मरेल याची सोय मी केली होती, पण माणूसच नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि ते चार दिवसांनी परत आलं तर त्याला घेतील ना? कुणी रागावणार तर नाही?"

मी म्हटलं, "सिस्टीमला राग येत नाही."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मला वाटतं तिला या विषयाची उपजत जाण आहे. सही झालेल्या आराखड्यात बदल करणं जिवावर येतं, पण प्रश्न रास्त आहे. करावाच लागेल.

१९ एप्रिल, शनिवार

मनीषाच्या प्रश्नाने आठवडा खाल्ला. आता केंद्र गप्प असलं तरी बाकीची दोन आपापला दिवस बंद करतात. गप्प केंद्राकडे जायचे निरोप रांगेत उभे राहतात. ते परत आलं की रांग क्रमाने पुढे सरकते आणि तिथल्या मागच्या नोंदी त्या-त्या तारखेलाच जाऊन बसतात. कुणी कुणाची वाट बघत अडून राहत नाही. लिहून झाल्यावर मलाच ते आवडलं. पहिल्या आराखड्यापेक्षा हा सरळ आहे, फक्त हे शेठना सांगायचं नाही.

पलसाण्याला मोडेम लावला. तो जे किंचाळतो, ते ऐकून घडी खात्यातले लोक हसून लोळायचे बाकी होते. निघताना भगवान बाहेरपर्यंत आला.

"नऊ तारीखले का, साहेब?"

"नऊ तारखेला."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "बरं. तुम्ही कायतरी सोय करेल व्हईच."

मी म्हटलं, सगळी सोय केली आहे. या माणसांचा माझ्यावर किती विश्वास आहे. आपला माणूस म्हणून वेगळंच बळ येतं.

२७ एप्रिल, रविवार

दिवसभर छपाईचा भाग लिहीत होतो. गच्चीवर आई आणि मनीषा कुरडया घालत होत्या. आई आखाजीविषयी काहीतरी विचारत होती. मी एका चुकीच्या मागे लागलो होतो, म्हणून हो हो म्हटलं. मग आई म्हणाली, "पोरीले नवी साडी घी टाक."

मी म्हटलं, उद्घाटनासाठी का?

आई आत निघून गेली. हल्ली तिचं काहीतरी बिनसलंय. ऊनही फार आहे म्हणा.

मनीषाने हिरव्या बांगड्या भरल्यात. मला दाखवल्या. छान दिसतात असं मी म्हटलं, आणि खरंच छान दिसत होत्या. मग तिने आपली पत्र्याची पेटी पुसून कोरडी केली आणि पुन्हा माळ्यावर ठेवली.

६ मे, मंगळवार

मनीषाचा भाऊ विठ्ठल अचानक आला. सोबत आंब्यांची पाटी. मी त्याला भिंतीवरचा आराखडा समजावून सांगितला. तोही मन लावून ऐकत होता, फक्त मधूनमधून बहिणीकडे बघत होता. मला मार्केटात जायचं होतं म्हणून निघालो. जाताना म्हटलं, आलायस तर राहा चार दिवस, उद्घाटन बघून जा.

संध्याकाळी परत आलो तर तो गेलेला. एवढा प्रवास करून आला आणि दुपारच्याच गाडीने परत. मी विचारलं, कशाला आला होता? मनीषा म्हणाली, "असाच." तिचा आवाज बसलाय, डोळे लाल आहेत. सर्दी असणार. आंब्यामुळे होते कधी कधी. तिला म्हटलं, ऐन उद्घाटनाच्या वेळी आजारी पडू नकोस.

आंबे मात्र उत्तम आहेत.

८ मे, गुरुवार

उद्या. गोडाउन आणि दुकान यांच्यात आज दिवसभर निरोप गेले आणि आले, एकही हरवला नाही. पलसाण्याचा फोन दुपारपासून कुणी उचलत नाही, पण त्या लाइनची ती खोडच आहे.

उद्या दोन्ही साल्यांसमोर काही अडलं तर सोमवारी क्लासच्या दारात उभं राहावं लागेल. संचालक हसतील, आणि मला मुकाट्याने त्या खुर्चीत बसावं लागेल. मनीषाशी बोलावंसं वाटलं, पण ती लवकर झोपली. आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतेय. ठरलेल्या निरोपापुरतंच बोलायचं हे तत्त्व घरात जरा जास्तच भिनलं की काय.

९ मे, शुक्रवार
उधना स्टेशन, फलाट

गाडीला वेळ आहे, म्हणून लिहितोय. शेजारी मनीषा आहे, पत्र्याची पेटी आहे. पण क्रमाने लिहायला हवं.

सकाळी दुकानात पूजा झाली. कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फुटला, मॉनिटरवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. दोन्ही साले गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. मी कळ दाबली. गोडाउन लगेच जोडलं गेलं. पलसाण्याची घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी मिलच्या फाटकावरचा फोन लावला. पहारेकरी उत्तरेकडचा, त्याने उचलला.

"घडी खाते में कोई नहीं है, साहब. सब गाँव गये. आखाजी है न."

रिसीव्हर ठेवला. आखाजी. आईच्या तोंडून जन्मभर ऐकलेला शब्द मला उत्तर प्रदेशातल्या बलियाच्या माणसाने समजावून सांगितला. अखातरीज, अक्षय तृतीया, आखाजी. तिन्ही मला माहीत होते. पण एक शेठच्या कॅलेंडरवर होता, एक पंचांगात आणि एक आईच्या स्वयंपाकघरात. पहिले दोन एकच हे कळलं होतं, पण तिसराही त्याच तारखेला येतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. खानदेशात हा दिवाळीहून मोठा सण. त्या दिवशी खानदेशी माणूस गावाला नसेल तर आजारी तरी असतो.

शेठना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ए तो मने खबर छे. दर वरसे जाय छे. मने एम के तमे खानदेशना, तमे कंई गोठवण करी हशे."

गोठवण म्हणजे सोय, भगवानही तेच म्हणाला होता. शेठना माहीत, भगवानला माहीत, पहारेकऱ्याला माहीत. सुरतेत हे माहीत नसलेला मी एकटाच.

थोरला साला तक्क्यावरून पुढे सरकला. "म्हणजे एक ठिकाण बंद, तर सगळं बंद?"

मी उत्तर देणार तेवढ्यात काउंटरवर गिऱ्हाईक आलं. निळं जॉर्जेट आहे का? दुकानाच्या मुनीमजींनी कळ दाबली. पडद्यावर आलं: गोडाउनात आहे, इतके ताके, आज निघेल. खाली बारीक ओळ: पलसाणा – संपर्क नाही, निरोप रांगेत. गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली आणि गेलं. मगनशेठनी फोनकडे हात नेला होता, तो परत घेतला. ओरडावं लागलंच नाही.

"आवुं केटला दिवस चालशे?" त्यांनी विचारलं.

"चार दिवस चालेल," मी म्हटलं. आणि चार दिवस हे शब्द माझ्याच कानावर पडले. चार दिवसांची गोष्ट मला सुचलेली नव्हती. ती कोणी विचारली होती, आणि कधी, आणि कशी बघत होती, ते सगळं आठवलं. बांगड्या. पेटी. साडी. आंबे घेऊन आलेला भाऊ.

साला म्हणाला, सोमवारी पलसाणा परत येईल तेव्हा ही रांग नीट सरकते का ते बघू, मग आमच्या मिलचं बोलू. तोवर तुम्ही इथेच बसा. मी हो म्हटलं आणि घरी जाऊन येतो असं सांगितलं.

घरी आई दारातच होती. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तिने महिन्याभराचं एकदम काढलं.

"तुले काय सांगनं? पोरनी पहिली आखाजी शे. तिना भाऊ लेवाले उना अन् रिकामा हाते गया. अन् तू त्याले भिंतवरला गोल दखाडस."

नव्या सुनेची पहिली आखाजी. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला न्यायला येतो, आणि ती माहेरी जाऊन झोका खेळते. हे खानदेशातल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही, म्हणून मलाही कोणी सांगितलं नाही.

मनीषा आत भांडी लावत होती. मी म्हटलं, मला खरंच लक्षात आलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम हीच तारीख ठेवली," ती म्हणाली. "मला पाठवायचं नाही म्हणून. मंग मीच विठ्ठलदादाला म्हटलं, यांचं काम आहे, तू जा."

महिनाभर ही बाई असं समजून माझ्या पानात गरम पोळी वाढत होती. मला अतोनात लाज वाटली. तिला म्हटलं, पेटी भर. आज पोचता येणार नाही, पण उद्या पहाटे पोचू. ती म्हणाली, आणि तुमचं काम?

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून शेठना फोन केला. सांगितलं की मंगळवारपर्यंत मी नाही.

"अने सिस्टम?"

"सोमवारी तिला माझी गरज लागली, तर मी ती चुकीची बांधली असं समजा."

"मारा सालाने शुं कहुं?"

"सांगा, पलसाणा नसताना चालली तशी मी नसतानाही चालेल."

शेठ "जोईशुं", म्हणजे बघू, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. आता इथे बसल्यावर वाटतंय की मी फार मोठ्या तोंडाने बोललो. ती रांग आजवर फक्त घरच्या दोन कॉम्प्युटरवर सरकलेली आहे. सोमवारी अडकली तर खुर्ची आहेच. पण मनीषाने आता स्टेशनवर मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि दुकानदाराशी चक्क घासाघीस केली. इतकी बोलते हे मला माहीतच नव्हतं.

१० मे, शनिवार
मनीषाचं माहेर

पहाटे पोचलो. सासूबाई दारातच रडल्या, मग हसल्या, मग मला इतका आमरस वाढला की दुपारी खाटेवरून उठता येईना. एक दिवस उशीर झाला, पण गौराईला आज बोळवतात, ते तरी मिळालं. कडुनिंबाला झोका बांधलाय. मनीषा आणि तिच्या मैत्रिणी तो इतका उंच चढवतात की खालून बघणारा मीच दोन पावलं मागे सरकतो.

संध्याकाळी विठ्ठलबरोबर शेजारच्या गावी गेलो. पारावर पत्त्यांचा डाव रंगला होता, आणि मध्यभागी कोण, तर भगवान. भोवती पलसाण्याचं अख्खं घडी खातं. मला बघून सगळे उठले.

"साहेब, गावले उनात का! आम्हीन म्हनं, आज कॉम्पुटरनं काम नही का?"

मी म्हटलं, पलसाण्याचं केंद्र इथे पत्ते खेळतंय, कॉम्प्युटर बोलणार कुणाशी? मग विचारलं, एकाने तरी मला सांगायचं होतं.

भगवान खरोखर गोंधळला. "तुमले काय सांगनं? गुजराती साहेब ऱ्हाता तं दहा डाव सांगतूत."

गुजराती साहेबाला दहा वेळा, मला एकदाही नाही. आपला माणूस असल्याचं बळ. असो. त्यांनी मला खेळायला बसवलं आणि तीन डावांत घडी घालून ठेवलं.

परतल्यावर मनीषाला सांगितलं, तुझ्या त्या प्रश्नामुळे काल वाचलो, नाहीतर तिन्ही केंद्रं ठप्प झाली असती. ती झोक्यावर बसून पायाने माती उकरत होती.

"तो मी कॉम्प्युटरचा विचारलाच नव्हता."

"मग?"

"मी चार दिवस नसले तर तुमचं चालेल का, आणि परत आल्यावर रागावणार तर नाही, एवढंच विचारलं होतं. तुम्ही म्हटलं, सिस्टीमला राग येत नाही. मंग मी आठवडाभर विचार करत होते, हे हो झालं की नाही."

मी तिच्या शेजारी झोक्यावर बसलो. दोघांच्या वजनाने फांदी कुरकुरली. म्हटलं, ते हो होतं. आणि तू नसलीस तर माझं चालणार नाही, पण तरी जायचं. ती हसली आणि तोंड फिरवलं. मला ती फार आवडते, हे मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही. उद्या सांगणार आहे.

१३ मे, मंगळवार
अमळनेर

सांगितलं. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पानाखाली दलाल आहे.

काल सोमवार कसा काढला ते माझं मला माहीत. भगवानची मंडळी रविवारीच परत गेली होती. आज सकाळी मनीषाला घेऊन अमळनेरला आलो आणि बूथमधून शेठना फोन लावला. त्यांचा आवाज इतका हळू होता की काहीतरी भयंकर झालंय असंच वाटलं.

झालं होतं असं. काल सकाळी भगवानने कॉम्प्युटर चालू केला. मोडेम किंचाळला. रांगेतले निरोप एकामागून एक आले. घडी खात्याने गावाला जाण्याआधीच्या साठलेल्या चिठ्ठ्या चढवल्या आणि सगळ्या आपापल्या तारखेला जाऊन बसल्या. दुपारी थोरला साला दुकानात येऊन स्वतः दहा लॉट विचारून गेला. दहाही सापडले. शेठ काल दिवसभर ओरडले नाहीत. संध्याकाळी शेठाणींनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

मग म्हणाले, साल्याच्या मिलचं काम तुमचंच. "लाभपाचमनुं मुहूर्त राखीए, नितीनभाई? दिवाळी पछीनुं. सौथी सारुं."

मी तोंड उघडलं होतं. मग काचेबाहेर बघितलं. मनीषा उभी होती, हातात पिशवी.

"घरी विचारून सांगतो," मी म्हटलं.

पलीकडे शेठ मोठ्याने हसले. घसा चांगलाच बरा झालेला दिसतो.

बाहेर येऊन तिला सगळं सांगितलं. तिने विचार केला. "लाभपाचम चालेल. पण दिवाळसणाला आपण इकडे यायचं. पाचमीच्या आदल्या दिवशी परत." मग म्हणाली, "जे कागदावर नाही ते नसतंच ना तुमच्यात? मंग लिहून घ्या."

म्हणून लिहितो: दिवाळसण माहेरी, पाचमीच्या आदल्या दिवशी परत. मनीषाने वाचलं आणि खाली सही केली. साक्षीला सुताचा दलाल आहेच.